भरदरबारी पाणी तोलिल्याची हकीकत

श्रीवाग्देवी लेखणीस सुबुद्धी देवो. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरी, मार्गशीर्षमासी एका राज्यात ऐसे वर्तमान जाहले, जे विद्याशाळेतील मुलांस रसायनाची समीकरणे तोलावयास येईनात. बाणाच्या अलीकडे जितके अणू तितकेच पलीकडे पाहिजेत, इतकीच गोष्ट. परंतु मुले पाठ करीत आणि विसरत आणि मग रडत. तेव्हां तेथील शिक्षिका द्वारकाबाई रिसबूड यांनी काचेच्या पाट्या आणविल्या. पाटीस बोट लाविता रंगीत मण्यांचे अणू उभे राहत, आणि दोहींकडील मणी बरोबर होता पाटीतील तराजू समतोल होवोन घंटा वाजे. मुले बहु संतोषली आणि लागलीच लबाडी शिकली: मणी न मोजिता घंटा वाजेतोवर बोटे बडवीत बसली. हे वृद्ध त्रिंबकशास्त्री यांस कळता ते हुजुरांस बोलिले, "ही विद्या नव्हे, माकडचेष्टा. पाट्या कोठीत टाकाव्या." हुजूर आज्ञापिते जाहले, "शास्त्रीबोवा निवडतील त्या मुलाने दरबारी कागदावर समीकरण तोलावे. न साधे तर पाट्या कोठीत." मग बाईंनी घंटा बंद केली आणि आधी मणी मोजून सांगा, मग बोट लावा, ऐसा शिरस्ता घातला. मुले कुरकुरली, आणि मग मोजू लागली.

दरबार भरला. गोजरा नामे मुलगी बोटे बडविण्यात सर्वांची म्होरकी, तीच शास्त्रीबोवांनी निवडिली, आणि हायड्रोजन व ऑक्सिजन मिळोन पाणी, हे समीकरण दिले. अलीकडे ऑक्सिजनचे अणू दोन, पलीकडे पाण्यात एक. पोर घुटमळली. शास्त्रीबोवा गोड बोलिले, "बाळ, पाण्यातल्या ऑक्सिजनच्या पायाशी बारीक दोन लिही की! एका फटक्यात तोल." दिवाणजी मान डोलवोन म्हणाले, "वाहवा, साधले!" गोजराने कागदावर मणी काढिले, न्याहाळिले आणि म्हणाली, "तोल होतो, शास्त्रीबोवा, पण मग ते पाणी राहत नाही. गुडघा फुटल्यावर आई लावते ना, ते फेसाचं औषध होतं! आकडा पुढं लावायचा, पायाशी नाही." आणि पाण्यापुढे दोन, हायड्रोजनपुढे दोन मांडोन समीकरण तोलिले. शास्त्रीबोवा गालांत हसले, की हा सापळा त्यांनी जाणोनच लाविला होता, आणि म्हणाले, "हुजूर, पाट्या राहाव्या." हुजुरांनी मान्य केले, आणि मग दिवाणजींकडे वळोन बोलिले, "आपण उद्यापासून मुलांत बसावे." दिवाणजी हळूच पुसते जाहले, "खुर्ची मिळेल ना?" हुजूर म्हणाले, "तोलता आले म्हणजे."

सारांश, पाट्या राहिल्या, पाणी पाणीच राहिले, आणि दिवाणजी अद्याप सतरंजीवर आहेत. जाहले ते लिहिले.