बैलाचं नाव काय?

बैलाचं नाव कळल्याशिवाय कोंडीभाऊ माल पाठवत नाहीत. पत्ता अर्धवट असला तर चालतो, पिनकोड चुकला तर ते स्वतः पोस्टात जाऊन दुरुस्त करून घेतात. पण नाव हवं, आणि तेही बैलाचं. गिऱ्हाइकाचं नाव ते 'मार्फत' म्हणून खाली बारीक अक्षरांत घालतात. त्यामुळे आमच्या पोस्टातून 'चि. पाखऱ्या, मार्फत संभाजीराव, मुक्काम पोस्ट अमुक, तालुका माण' अशा पत्त्याची पार्सलं जातात. त्यातलं 'चि.' हे कोंडीभाऊंचं स्वतःचं. एकदा पोस्टमास्तरांनी गमतीनं विचारलं, "हे चिरंजीव सही करायला घरी असतील का?" कोंडीभाऊ गंभीरपणे म्हणाले, "सकाळी अकरापत्तोर वावरात असतोय. मंग गोठ्यातच."

कोंडीभाऊंचं ऑनलाइन दुकान आहे, बैलांच्या साजाचं. घुंगरमाळा, लोकरीचे गोंडे, तोंडावर बांधायच्या रंगीत म्होरक्या, पाठीवर टाकायच्या झुली. जुन्नर तालुक्यात, ओझरच्या रस्त्याला लागून आमचं गाव. तिथे त्यांच्या घरामागे एक लांबट गोठा आहे. तोच त्यांचा कारखाना, गोदाम आणि हेड ऑफिस. मी इथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत बदलून आले आणि त्यांच्या समोरची खोली भाड्यानं घेतली. सामान अजून पोत्यांत होतं, तेवढ्यात डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, साठीकडे झुकलेला एक उंच माणूस उंबऱ्याबाहेर येऊन उभा राहिला.

"बाई, तुमचं अक्षर कसंय?"

"बरं आहे. का हो?"

"मंग तुमी आमच्या कंपनीच्या सेक्रेटरी."

नेमणूक झाली. पगाराचा विषय त्यांनी काढला नाही आणि मीही नाही. पण तेव्हापासून माझ्या दारात मेथीची जुडी, चार टोमॅटो, कधी तांब्याभर ताक येऊ लागलं. मला वाटतं, तोच पगार असावा.

कंपनीची वार्षिक सभा गुढीपाडव्याला सकाळी, गुढी उभी केल्यावर गोठ्यात भरते. हजर तिघंच: कोंडीभाऊ, त्यांच्या पत्नी यमुनाकाकू आणि मी. काकू सभेत तांदूळ निवडत बसतात. शाळेत एक फळा टाकाऊ झाला होता, कोपरा उडालेला. तो कोंडीभाऊंनी माझ्याकडून मागून नेला आणि गव्हाणीच्या वर टांगला. त्यावर वर्षाची उद्दिष्टं लिहायची. त्यांच्या तोंडी 'टारगेट'.

माझ्या पहिल्या सभेत तीन टारगेटं ठरली. "लिवा बाई. एक. शंभर बैल." मी लिहिलं. "दोन. त्यातला येक तरी महाराष्ट्राच्या भायेरचा." तेही लिहिलं. तिसऱ्याच्या वेळी त्यांनी जरा घसा खाकरला. "तीन. धंद्याच्या येळंत यमुनाशी भांडायचं न्हाई."

काकूंनी तांदळातून मान वर केली. "धंद्याची येळ कंची?"

"चोवीस तास," कोंडीभाऊ म्हणाले. "ऑनलाइन हाय."

दर महिन्याच्या एक तारखेला प्रगतीचा आढावा होतो. मी शिक्षिका, म्हणून शेरा मी द्यायचा, अशी त्यांची अट. "पोरांना देता तसा द्या. वशिला नको." मी प्रामाणिकपणे 'बरे', 'सुधारणेस वाव आहे' असं लिहीत गेले, आणि ते माझ्या वर्गातल्या मुलांपेक्षा जास्त मनाला लावून घेत गेले. एका महिन्यात मी 'असमाधानकारक' लिहिलं, तर दुसऱ्या दिवशी मला ताक आलं नाही.

दुसऱ्या टारगेटाचा तर फारच घोळ झाला. दिवाळीच्या सुमारास बेळगावाहून ऑर्डर आली. मी आनंदानं खडू घेतला आणि दोन नंबरपुढे बरोबरची खूण करायला गेले. कोंडीभाऊंनी माझा हात धरला नाही एवढंच. "बाई! बेळगाव भायेरचं कसं? आपलंच हाय ते." मी नकाशाबद्दल काहीतरी बोलले. ते ऐकेनात. खूण झाली नाही. टारगेट त्या वर्षी तसंच राहिलं, पण त्याचं त्यांना दुःख नव्हतं, उलट अभिमानच होता.

मला पहिल्यापासून कुतूहल होतं ते या नावाच्या भानगडीचं. गिऱ्हाइकाचा फोन आला की कोंडीभाऊ माळेबद्दल दोन मिनिटं बोलतात आणि बैलाबद्दल पस्तीस. नाव काय, किती दाती आहे, जोडीत डावीकडे चालतो की उजवीकडे, फटाक्याला भितो का. रंग कोणता हे विचारल्याशिवाय गोंड्याला हात लावत नाहीत. एकानं पांढऱ्या बैलासाठी पिवळे गोंडे मागितले, तर म्हणाले, "आवो पावणं, पांढऱ्याला पिवळा गोंडा म्हंजी भातावर वरान सांडल्यावानी दिसंल. लाल घ्या." त्यांचा मुलगा विलास चाकणला कंपनीत आहे. दुकानाचं पान त्यानंच फोनवर काढून दिलं. तो सुट्टीला आला की डोक्याला हात लावतो. "आण्णा, येवढं विचारलं की गिऱ्हाईक वैतागतं."

"वैतागू दे. बैल वैतागतोय का ते बघ."

एकदा मी सरळ विचारलं, "भाऊ, तुम्हाला नाव लागतं कशाला?" तर म्हणाले, "नाव नसलं तर हाक काय म्हनून मारायची?" आता माण तालुक्यातल्या बैलाला आमच्या गावातून हाक मारायची वेळ कधी येणार, हे मला कळलं नाही. त्यांच्या स्वतःच्या गोठ्यात तर बैल नव्हताच. दावणीचे खुंटे होते, त्यांना आता लोकरीच्या लडी अडकवलेल्या असत. मी त्याबद्दल विचारलं नाही. नव्या गावात माणसानं हळूहळू विचारावं.

शंभर बैलांचं टारगेट तीन वर्षं फळ्यावर राहिलं. पहिल्या वर्षी पन्नासही झाले नाहीत, दुसऱ्या वर्षी साठाला अडलं. यंदा मात्र आषाढ संपता संपता आकडा सत्तर झाला आणि कोंडीभाऊंची चाल बदलली. रस्त्यानं जाताना ते उगाचच लोकांना थांबवून "काय राव, बरंय ना?" असं विचारू लागले. आणि त्याच आठवड्यात पुण्याहून एका बाईंची ऑर्डर आली. घुंगरमाळा, तीस नग.

सत्तर आणि तीस. हिशोब करायला सेक्रेटरीची गरज नव्हती.

कोंडीभाऊंनी नेहमीप्रमाणे उलट निरोप पाठवला, 'बैलांची नावे कळवावीत.' दहा मिनिटांत तीस नावांची यादी आली. मी संध्याकाळी वह्या तपासत बसले होते, तिथे ते फोन घेऊन आले आणि मला मोठ्यानं वाचायला लावली. सर्जा, राजा, ढवळ्या, पवळ्या, सोन्या अशी सुरुवात झकास होती. मग रॉकी आला. मग सिम्बा. कोंडीभाऊंनी मान डोलावली, "आजकाल ठिवत्यात." मग मी वाचलं, "नितीन."

"काय?"

"नितीन."

"बैलाचं नाव नितीन?" ते माझ्या पलंगाच्या कडेवर बसले. त्यानंतर यादीत प्राजक्ता, समीर आणि पाटीलसाहेब असे तीन बैल होते.

त्यांनी तिथूनच फोन लावला आणि स्पीकर चालू केला. "नमस्कार मॅडम, जुन्नरवरून कोंडीभाऊ बोलतोय. यादी भेटली. लई झ्याक. फकस्त येक विचारायचं व्हतं, ह्यो नितीन किती दाती हाय?"

"दाती म्हणजे?"

"म्हंजी वय काय त्याचं?"

पलीकडून उत्तर आलं, "एकतीस."

"मॅडम, येकतीस वर्सांचा बैल म्या जल्मात बघितला न्हाई."

बाई मोकळेपणानं हसल्या आणि सगळं सांगून टाकलं. त्या हॉटेल काढत होत्या, गावाकडच्या जेवणाचं. प्रत्येक टेबलावर दिव्याखाली एकेक माळ टांगायची होती. नावं मागितल्यावर त्यांना ती दुकानाची काहीतरी गंमत वाटली. आठवत होती तेवढी त्यांनी लिहिली, मग हॉटेलातल्या माणसांची घातली. नितीन त्यांचा मॅनेजर.

कोंडीभाऊंनी टॉवेल काढून पुन्हा गुंडाळला. "मॅडम, राग न्हाई. पर हाटेलात टांगाय माझ्याकडं माळ न्हाई."

"अहो काका, लोक बघतील, कौतुक करतील!"

"कौतुक बैलाचं करत्यात. नुसत्या माळंचं काय करायचं?" असं म्हणून त्यांनी राम राम घातला आणि फोन ठेवला.

मला राहवलं नाही. "भाऊ, शंभर झाले असते की हो!"

"शंभर माळा झाल्या असत्या, बाई. बैल सत्तरच."

यमुनाकाकूंना हे कळलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "मंग ह्या तीस माळा तुमीच घाला गळ्यात." त्यानंतर त्या तीन दिवस नवऱ्याशी बोलल्या नाहीत. एक तारखेला कोंडीभाऊंनी मला तीन नंबरच्या टारगेटात प्रगती नोंदवायला सांगितली, कारण तीन दिवस भांडण झालं नव्हतं. मी 'शंकास्पद' असा शेरा दिला.

आमच्याकडे पोळा भाद्रपदात असतो. गावात आता बैलजोड्या मोजक्याच राहिल्या आहेत. बाकीचे लोक ट्रॅक्टर धुऊन त्याला हार घालतात. त्या दिवशी शाळा लवकर सुटली. काकूंनी पुरणपोळीला बोलावलं होतं, म्हणून मी दुपारीच गेले. कोंडीभाऊ घरात नव्हते. गोठ्याचं दार लोटलेलं होतं आणि आतून त्यांचा आवाज येत होता. मी तिकडे वळले तर काकूंनी हातानं थांबवलं.

"जरा थांबा बाई. फोन चालल्यात त्यांचे."

"सणाच्या दिवशी पण ऑर्डरी?"

"ऑर्डरी कशाच्या!" काकू चुलीपुढे बसल्या आणि पोळी उलटता उलटता बोलू लागल्या. कोल्हापूरकडे आषाढात बैलांचा बेंदूर असतो तेव्हा, श्रावणात बाकीच्या भागांतला पोळा असतो तेव्हा आणि मग आपल्या पोळ्याला, असे वर्षातून तीन दिवस कोंडीभाऊ सकाळपासून गोठ्यात बसतात. वही काढतात आणि त्या त्या भागातल्या एकेका गिऱ्हाइकाला फोन लावतात. माळ बैलाच्या गळ्यात घातली का विचारतात, आणि म्हणतात, फोन जरा त्याच्या गळ्याशी धरा, त्याला दोन पावलं चालवा.

"कशासाठी?"

काकूंनी पोळी तव्यावरून उतरवली. "आमची जोडी व्हती की. सात वर्सं झाली. नव्या रस्त्यात खालचं वावर गेलं. राह्यलेल्या तुकड्याला ट्रॅक्टर तासाभरात उरकतोय. जोडी कशाला ठिवायची, असं ह्येच म्हनले. मी न्हाई, विलास बी न्हाई. व्यापारी येनार त्या दिवशी सकाळी उठून ओझरला देवाला गेले, ते पार दिवेलागनीला आले. आल्यावर गोठ्यात गेले. भायेर येऊन मला म्हनले, यमुना, लई गप झालंय गं. बास. त्याच्यावर पुन्यांदा कधी बोलनं न्हाई."

त्यांनी माझ्या हातात पाण्याचा तांब्या दिला. "जावा, त्यांना पानी द्या. तुमी गेल्या तर काय म्हनायचे न्हाईत."

मी आत गेले. कोंडीभाऊ लाकडी पेटीवर बसले होते, फोन गुडघ्यावर, स्पीकर चालू. त्यातून घुंगरांचा आवाज येत होता, भरदार, कोणीतरी "हौ, हौ" म्हणत बैलाला आवरत होतं. कोंडीभाऊ मान खाली घालून ऐकत होते. "गडी दमदार हाय," ते म्हणाले. "डाव्या पायावर जरा जोर देतोय. खूर बघून घ्या त्याचा." पलीकडचा माणूस म्हणाला, "आरं तिच्या, खरंच की, दोन दिवस झालं लंगडतोय." वहीत बारीक खूण झाली. मला त्यांनी नुसतं बसायची खूण केली आणि पुढचा नंबर लावला. वहीत नाव होतं, हरण्या, मार्फत गेनभाऊ, शिरूर.

"राम राम गेनभाऊ. जुन्नरवरून कोंडीभाऊ. सजला का आमचा हरण्या?"

पलीकडून आधी राम राम आला.

"हरण्या न्हाई राह्यला, भाऊ," एक थकलेला आवाज म्हणाला. "आखाडात गेला. म्हातारा झाला व्हता."

कोंडीभाऊंचं पेन वहीवर तसंच थांबलं. आता ते काहीतरी समजुतीचं बोलतील आणि फोन ठेवतील, असं मला वाटलं.

"माळ कुठंय?" त्यांनी विचारलं.

"हाय की. खुंटीलाच हाय. दिली न्हाई कुनाला."

"आन् तुमी कुठंय आत्ता?"

"गोठ्यातच बसलोय."

कोंडीभाऊंनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, पण मी तिथे आहे हे त्यांच्या लक्षात असेलसं वाटत नाही. मग ते फोनजवळ वाकले.

"मंग काढा खाली, गेनभाऊ. जरा हलवा. मी ऐकतो."

पलीकडे काहीतरी खडबडलं. म्हातारा उठला असावा, खोकला आला, आणि मग एकदम घुंगरं वाजली, घाईघाईनं, कशीही.

"येवढ्या जोरात नगं," कोंडीभाऊ अगदी हळू आवाजात म्हणाले. "म्हातारा व्हता ना त्यो? बेतानं चालू द्या."

आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला. एक पाऊल, जरा थांबून दुसरं पाऊल, असा.