निळा पडदा आणि राणीसाहेबांचं विणकाम

एका जंगलात, बाळांनो, एक टिटवी राहत होती. शेजारपाजारच्या घरातलं तिला सगळं ठाऊक असायचं. वाईट हेतूनं नाही हो, काळजीपोटी.

एकदा कचेरीमागून जाताना तिच्या कानावर पडलं, "पडदा निळा झालाय. आज सगळ्यांची बिळं जाणार..." पुढचं वाऱ्यानं नेलं. टिटवीला अर्धं वाक्य पुरे झालं. घटकाभरात जंगलभर बोभाटा.

तिची शेजारीण साळूबाई दारात अंगावरचे काटे साफ करत होती. तिला त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत, बिळाचा दाखला छापून घ्यायचा होता. नाहीतर बीळ सरकारजमा.

"अगं, ऊठ की. सगळ्यांची बिळं चाललीत."

"सगळ्यांचं सगळे बघतील गं. मला माझ्यापुरतं बघू दे."

दोघी कचेरीत गेल्या. कॉम्प्युटरचा पडदा खरंच निळाशार. त्या कॉम्प्युटरला धूळ लागू नये म्हणून सिंहीण राणीसाहेबांनी स्वहस्ते लोकरीचं झाकण विणलं होतं. चहूकडून घट्ट, खाली झालर, पडद्यापुरती तेवढी खिडकी.

कोल्हा कारकून यंत्र बंद करी, चालू करी. थोडा वेळ चाले, पुन्हा निळं.

मग अस्वलसाहेबांची समिती बसली. चहा झाला. साहेब म्हणाले, "आभाळाचं प्रतिबिंब पडतंय. खिडक्या लावून घ्या."

खिडक्या लावल्या. आता तर चालू केल्याकेल्या निळं.

"बघा," साहेब म्हणाले, "फरक पडतोय."

साळूबाईला राहवेना. "साहेब, बिळाचं तोंड बुजलं की आत जीव घाबरा होतो. याला उकडतंय. झाकण काढा."

"राणीसाहेबांचं विणकाम काढा म्हणता? बाई, तुमचं शिक्षण किती?"

"शिक्षण नाही. बीळ आहे."

"अजून आहे," कोल्हा बाहेरच्या उन्हाकडे बघत म्हणाला.

ऊन डोंगराला टेकलं. समिती दुसऱ्या चहावर आली. तेव्हा साळूबाईनं यंत्राकडे पाठ केली, झाकण काट्यांवर उचललं आणि बाजूला टाकलं. खिडकी उघडली. यंत्र निवलं. कोल्ह्यानं चालू केलं, तर पडदा स्वच्छ.

"आता माझा दाखला छापा, रावसाहेब."

"छापतो की." कोल्ह्यानं शांतपणे टाइप केलं. कागद बाहेर आला. 'राजघराण्याच्या विणकामास भोके पाडल्याबद्दल साळूबाई यांचे बीळ सरकारजमा.'

यंत्र सुरू केल्याबद्दल समितीचा सत्कार झाला. राणीसाहेबांनी रातोरात नवं झाकण विणलं, दुहेरी लोकरीचं. सकाळी पडदा पुन्हा निळा. बाकीच्यांची बिळं जप्त करायचे हुकूम आतच अडकले, ते अजून अडकलेलेच आहेत.

"मी म्हटलं नव्हतं, बिळं जाणार?" टिटवी म्हणाली.

"सगळ्यांची म्हणाली होतीस."

टिटवी थोडी ओशाळली. "बरं, माझ्याकडे चल. मी उघड्या माळावरच अंडी घालते. छप्पर नाही, पण वारा छान येतो."

तात्पर्य : बंद यंत्र दुरुस्त करण्याआधी, सुरू झाल्यावर त्यातून पहिला कागद कुणाच्या नावाचा निघणार, तेवढं विचारून घ्यावं. आपल्या नावाचा असेल, तर आभाळाचं प्रतिबिंब आहे म्हणावं आणि चहा घ्यावा.