धक्क्यावर गेले

क्रेनकाकांनी रविवारी सकाळी तीन फोन केले आणि तिन्ही ठिकाणी त्यांच्या तोंडाला पानं पुसली गेली. जुन्या धक्क्यावरची त्यांची क्रेन उद्या उतरवणार होते. तिच्या जागी पर्यटकांसाठी मोठा पाळणा येणार होता. जिच्यामुळे अख्खं बंदर त्यांना क्रेनकाका म्हणायचं, तिला जुन्या टोळीनं शेवटचं भेटावं, एवढंच त्यांचं मागणं. पण मुकादमांचे गुडघे दुखत होते, बोटीवरच्या सारंगाला नातू सांभाळायचा होता आणि वजनकाट्यावरचे काटेवाले "बघू" म्हणाले. त्यांचं "बघू" म्हणजे नाही, हे बंदरात सगळ्यांना पाठ होतं.

"मी एकटा जातो!" म्हणत काका फोन घरीच विसरून तणतणत निघाले.

धक्का ओळखू येत नव्हता. धान्याच्या गोदामात मत्स्यालय झालं होतं, कोळशाच्या जागी आइस्क्रीमवाला उभा होता. क्रेन तेवढी होती तिथेच, गंजलेली. गाइड पर्यटकांना सांगत होता, "या क्रेननं एकदा जहाजातून हत्ती उतरवला!"

"दोन," काका पुटपुटले. दुसऱ्या हत्तीनं मुकादमांची टोपी खाल्ली होती. सवयीनं "आठवतं का हो?" म्हणून ते वळले, तर शेजारी कोणीच नव्हतं. मग त्यांना तिथे थांबवेना.

घरी आले तर दाराबाहेर चपलांचा ढीग. आतून सारंगाचा आवाज आला.

"वहिनी, अचानक कसे हो गेले?"

"कसे म्हणजे? बसनं."

आत कोणीतरी नाक शिंकरलं.

"फार त्रास झाला का?" हे काटेवाले.

"मला की त्यांना? सकाळपासून घर डोक्यावर घेतलं होतं. एकदाचे गेले, तेव्हा कुठे मी टेकले."

"मग... आता पुढचं काय?"

"पुढचं काय असणार? भूक लागली की येतील."

काका आत शिरले. मुकादमांच्या हातातला पांढऱ्या फुलांचा गुच्छ खाली पडला.

"तुम्ही तर धक्क्यानं गेलात ना?"

"अहो, धक्क्यावर!" काकूंनी कपाळावर हात मारला. "भावजी, फोनवर मी 'धक्क्यावर गेले' म्हणाले!"

सकाळी नाही म्हटल्याचं वाईट वाटून मुकादमांनी दुपारी फोन केला होता. आयुष्यभर क्रेनचा खडखडाट ऐकलेल्या त्यांच्या कानांनी ऐकायचं ते ऐकलं आणि सगळ्यांना कळवलंही.

"गुडघे?" काकांनी विचारलं.

"जिना चढताना आठवलेच नाहीत."

"नातू?"

"शेजारी ठेवला," सारंग ओशाळून म्हणाला.

"वा! जिवंत माणसानं बोलावलं तर सबबी, आणि मेल्यावर पळत हजर!"

काकांना चांगलं फैलावर घ्यायचं होतं. पण किती वर्षांनी ही टोळी एका खोलीत दिसत होती.

"चला," ते कसंबसं म्हणाले. "उजेड आहे तोवर."

"बघू," काटेवाले म्हणाले आणि सगळ्यांच्या आधी चपला घालून उभे राहिले.

धक्क्यावर हत्तीची गोष्ट दोनदा सांगून झाली. मुकादमांनी टोपीच्या नुकसानीबद्दल क्रेनला पुन्हा शिव्या घातल्या, आणि मग तो गुच्छ हळूच तिच्या आकड्याला बांधला. पहारेकरी धावत आला.

"आजोबा, फुलं कशाला? कोण गेलं?"

या वेळी मुकादमांना नीट ऐकू आलं.

"आमची क्रेन," ते डोळे पुसत म्हणाले. "धक्क्यावरच गेली."