खाडीकाठचं यंत्र आणि सत्यवतीकाकीचं गाऱ्हाणं

सत्यवतीकाकीची लेक रुक्मिणी खाडीपलीकडे आठव्या महिन्यात बसली होती, आणि काकी अलीकडे हात चोळत. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, यात गावात दुसरं मत नव्हतं. खाडी ओलांडायला पाव तास लागे. पण तर, म्हणजे होडीची ने-आण, बंद होती. होडी काठाला साखळीने बांधून तिला कुलूप घातलं होतं, आणि किल्ली होती ग्रामसेवक दिघेभाऊसाहेबांकडे.

कारण म्हणाल तर परवाना. त्याची मुदत संपून तीन महिने झाले होते आणि नवा कागद भाऊसाहेबांच्या टेबलावर सहीची वाट बघत पडला होता. खरं कारण वेगळंच होतं. एकदा ऐन ओहोटीला भाऊसाहेबांनी होडी काठाला लावायचा हट्ट धरला. तरीवाला बाबली "थांबा, थांबा" म्हणत असतानाच त्यांनी पाय खाली टाकला आणि गुडघाभर चिखलात रुतले. बाबली हसला. माणूस चिखल विसरतो, हसणं विसरत नाही.

एरवी बाबलीने कुलूप तोडून काकीला पलीकडे पोचवलं असतं. घाटावरच्या साहेबांना भिणारा तो माणूस नव्हता. पण मध्येच ते यंत्र आलं.

त्रेसष्ट सालची गोष्ट. सरकारने पंचायतीला रेडिओ दिला. पेटीएवढा रेडिओ आणि पेटीएवढीच बॅटरी पंचायतीच्या ओसरीवर बसली, कर्णा छपरावर चढला. नेमकं त्याच आठवड्यात लवूगुरुजींनी वाचनालयात एका दिवाळी अंकातली गोष्ट मोठ्याने वाचून दाखवली. सन दोन हजारात म्हणे गावोगावी सरकारी यंत्रं असणार. ती बोलणार आणि ऐकणारही. कुणी कुरकुर केली की दर कुरकुरीमागे त्याचा मूठभर तांदूळ कापला जाणार. श्रोते गुरुजींकडून समोर पंचायतीच्या छपरावरच्या कर्ण्याकडे बघू लागले. आणि त्या शनिवारी रेशनचा तांदूळ खरोखरच कमी आला. ट्रक खारेपाटणला बंद पडला होता, पण ते ऐकून घ्यायला कुणाला फुरसत होती?

"अरे, ती कल्पित गोष्ट रे, सन दोन हजारातली," गुरुजींनी सांगून पाहिलं.

"म्हणजे सरकारान ह्यां एक काम सदतीस वर्सां आधी केल्यान," बाबली कुजबुजला. तोही कुजबुजू लागला होता, याचंच काकीला वाईट वाटलं.

मग गाव सुधारलं. पंचायतीसमोरून जाताना लोक न झालेल्या रस्त्याची तारीफ करू लागले. मासळीचा भाव बोटांवर ठरू लागला. कुणीतरी रेडिओपुढे जास्वंद ठेवली. ग्रामसभेत एकानेही तोंड उघडलं नाही तेव्हा भाऊसाहेब आधी चकित झाले आणि मग खूष झाले. कुणीतरी भीत भीत विचारलं, "भाऊसायब, ह्यां आयकता काय?" तर ते रेडिओचं बटण पिळत म्हणाले, "जपून बोला, एवढंच सांगतो." तेवढं पुरलं.

काकी बाबलीच्या घरापुढच्या खळ्यात गेली. "बाबली, उद्या माका पलीकडे ने. कुलूप तोड."

बाबलीने ओठांवर बोट ठेवलं. "काकी, पोरां-बाळां आसत माझी. यंत्र आयकता."

"तां थंय पंचायतीत. हयसर खंयचा यंत्र?"

"वाऱ्यान आवाज जाता," बाबली म्हणाला आणि घरात गेला.

काकीला संताप आला. ज्या माणसाने भर पुरात होड्या घातल्या, तो एका पेटीला भितो. घरी येऊन तिने चुलीपुढे विचार केला. यंत्र ऐकत असेल तर मग त्याला सांगायलाच हवं. आणि ज्याने ऐकावं असं वाटतं त्याला सांगायची आपल्याकडे एकच रीत असते. नारळ ठेवायचा आणि देवापुढे घालतात तसं गाऱ्हाणं घालायचं. गाऱ्हाणं बायकांनी घालायची रीत नव्हती, पण यंत्राचीही कुठे होती?

संध्याकाळी शेतीच्या कार्यक्रमाला सगळं गाव ओसरीवर गप्प बसलेलं असताना काकी पुढे झाली. रेडिओपुढे नारळ ठेवला, पदर खोचला.

"बा यंत्रा म्हाराजा," ती खणखणीत म्हणाली.

ओसरीने माना खाली घातल्या. पण गाऱ्हाण्याला हुंकार द्यायचा नाही, हे या गावाच्या जिभेला कधी जमलेलं नव्हतं. मागून एक आवाज निसटलाच, "व्हय म्हाराजा." तो बाबलीचा होता.

"तू हयसर आयकतंस नि दिल्लीक सांगतंस, असा म्हणतत."

"व्हय म्हाराजा." आता दहा-बाराजण.

"तर आयक. माझ्या रुक्मिणीक आठवो म्हयनो लागलो. होडी आसा, बाबली आसा, खाडीत पाणी आसा. फकत कागदार सई नाय."

"व्हय म्हाराजा." सगळी ओसरी.

"सई करणारो तुझ्याच बाजूक खुर्चेर बसलो हा. चिखलात पडलो तो, आणि रुसलो माझ्या चेडवार, रुक्मिणीर."

"व्हय म्हाराजा!"

"माझो तांदूळ कापूचो तर काप. पेज वायच पातळ करीन. पण गप बसूचंय नाय. तेका सुबुद्धी दी, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!" छपरावरचा कावळा उडाला.

आणि त्याच क्षणी रेडिओतला भातखताबद्दल बोलणारा माणूस खरखरला आणि गप्प झाला. बॅटरी संपली होती. पण गावाला दिसलं ते एवढंच, की यंत्र बोलायचं थांबून ऐकत बसलं आहे. भाऊसाहेबांनाही, खरं सांगायचं तर, मानेवर घाम फुटला. जिल्ह्याच्या साहेबाचं तोंड त्यांच्या डोळ्यांपुढे आलं. ते खुर्चीवरून उठले.

"अहो, ते ऐकत नाही. बॅटरी संपली आहे. त्याला नुसतं तोंड आहे, कान नाहीतच."

"आधी तरी आयकत होता मां?" काकीने विचारलं.

"नाही हो. कधीच नाही. शपथ घेऊन सांगतो."

दोन महिने ज्याला भिऊन गाव बोटांवर भाव करत होतं, त्या पेटीकडे लोक बघत राहिले. मग हळूहळू त्यांच्या नजरा भाऊसाहेबांकडे वळल्या. काकीने आपला नारळ उचलून पदराखाली घेतला.

"बरां," ती म्हणाली. "यंत्रान नाय आयकला. पण तुमी आयकलात मां, भाऊसायब?"

भाऊसाहेबांनी समोरच्या साठ-सत्तर तोंडांकडे पाहिलं. सगळी उघडी होती.

"होय," ते कसेबसे म्हणाले.

"म्हाराजा," ओसरीने पुरं केलं, आणि भाऊसाहेब किल्ली शोधायला आत गेले.