गुप्तेअण्णांचं तक्रार खातं

गुप्तेअण्णा फ्यूजला हात लावण्याआधी चपला काढत. "देवता आहे ती," म्हणत. अनवाणी पायांनी ओल्या फरशीवर उभे राहत आणि दर खेपेला झटका खात. मग आम्हाला धीर देत, "काही नाही हो, ओळख ठेवते."

कल्याणात तेव्हा एका छोट्या खाजगी कंपनीची वीज होती आणि आमच्या गल्लीपुरती ती कंपनी म्हणजे अण्णा. बायको जाऊन वर्षं झालेली, मूलबाळ नाही. संध्याकाळी दिवे गेले की सगळी गल्ली त्यांच्या ओट्यावर भांडायला जमे. मीही जाई. मास्तर असल्यामुळे मी शुद्ध भाषेत भांडे, त्यामुळे माझ्याकडे कोणी लक्ष देत नसे.

"तार दमली असेल," अण्णा शांतपणे सांगत. "दिवसभर राबते बिचारी."

मासळीवाली पार्वती पाटी ओट्याला टेकवून सर्वांत मोठ्याने ओरडे.

"पार्वते, तुझ्या घरी वीजच नाही. तू कशाला ओरडतेस?" अण्णा विचारत.

"माज्या घरान नाय म्हनून काय झाला? सगली वरडतान, मंग मी पन वरडतंय."

भांडण संपे, वीज येई, तरी माणसं उठत नसत. गप्पा जेवणवेळेपर्यंत चालत.

मग सरकारने कंपनी ताब्यात घेतली. नवे खांब आले, नव्या तारा आल्या. तक्रार असेल तर ठाण्याच्या कचेरीत लेखी द्यायची असं ठरलं. कंपनीची बाकीची माणसं सरकारात गेली. अण्णांचं वय झालं होतं, त्यांना घेतलं नाही.

गल्लीच्या मंडळाचा चिटणीस मी. सरकारी विजेच्या स्वागताची सभा मीच घेतली आणि अध्यक्ष विजेतला जाणकार हवा म्हणून अण्णांनाच बोलावलं. सवतीच्या गृहप्रवेशाला पहिलीला ओवाळायला उभं करावं, तसा हा प्रकार. पण तेव्हा मी स्वतःच्या कल्पकतेवर बेहद्द खूश होतो.

अण्णा परीटघडीचं धोतर नेसून आले. हार घालून घेतला. म्हणाले, "नवी वीज चांगली आहे. तिला कोणाची गरज लागत नाही." आणि खाली बसले. टाळ्या सर्वांत जास्त मी वाजवल्या.

नवी वीज खरोखरच जाईना. ओटा ओस पडला. अण्णा मात्र रोज दिवेलागणीला सतरंजी अंथरून बसत आणि कोणी ओट्याशी थबकलं की उठून उभे राहत. तो माणूस फक्त चपलेतला खडा काढत असे.

एकदा पार्वतीने मला रस्त्यात गाठलं. "मास्तर, आन्ना आता माज्याशी भांडत बी नाय. पाटी टेकवली का बस म्हनतंय."

त्याच संध्याकाळी मी त्यांच्या ओट्यावर गेलो. चेहरा होईल तेवढा संतप्त केला आणि म्हणालो, "अण्णा, आमच्याकडे वीज नाही. हा काय कारभार आहे?"

अण्णांनी माझ्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं. समोरच आमचं घर. निघायच्या घाईत घरातला एकही दिवा मी बंद केला नव्हता. खिडकीत आमच्या मंडळी लख्ख उजेडात तांदूळ निवडत होत्या.

मग सतरंजीवर सरकून अण्णांनी मला जागा करून दिली.

"कधीपासून नाही?"

"सरकारची आल्यापासून," मी म्हणालो.