पाच पंखे आणि रानातली राणी

आनंदी माशांची पाटी घेऊन बाजाराला गेली आणि काशीरामने ठरवलं, आज ती परत यायच्या आत कॉम्प्युटर थंड करून टाकायचा. बस, एवढंच ठरवलं. दुपारी निमूट झोपला असता तर पुढचं काहीच झालं नसतं, पण नेमकी त्या दुपारी त्याला झोप येईना. (एरवी त्याला कुठेही येते. ते पुढे कळेलच.)

काशीराम हा जुना तांडेल, म्हणजे मच्छीमार बोटीचा कप्तान. गुडघे गेले तशी बोट विकली आणि घरी बसून बायकोला मदत करणं हा नवा धंदा त्याने सुरू केला. आनंदीच्या मते यापेक्षा तो दर्यावर होता तेच बरं होतं. तिथलं नुकसान निदान घरात दिसत नसे.

कॉम्प्युटर सर्वेशचा. सर्वेश त्यांचा एकुलता एक. गावोगावच्या जत्रांतली दशावतारी नाटकं कॅमेऱ्यावर घ्यायची आणि घरी बसून ती नीटनेटकी करायची, हा त्याचा नाद. गेल्या वर्षी पावसाच्या तोंडावर मोटारसायकलवरून घरी येत होता, तो पोचलाच नाही. त्यावर काशीराम कुणाशी बोलत नाही. आनंदीही बोलत नाही. ती दिवेलागणीला देवाकडे दिवा लावते, आणि मग कॉम्प्युटर लावते.

लावते ते एकच नाटक. गावच्या जत्रेतलं, सर्वेशने घेतलेलं शेवटचं. त्या जत्रेला आनंदी गेली नव्हती, कारण दशावतार पहाटे संपतो आणि पहाटे तिला माशांच्या लिलावाला उभं राहायचं असतं. म्हणून पोराने सगळं नाटक तिच्यासाठी घेतलं. त्यात तो स्वतः कुठेच दिसत नाही. फक्त सुरुवातीला कॅमेऱ्यामागून त्याचा आवाज येतो, "आये, चालू झाला हां. तुझ्यासाठी सगळा घेतंय." मग मधूनच खोकतो, मधूनच पुढे आलेल्या कुणाला तरी बाजूला सर म्हणतो. नाटकात राजा काय बोलतो आणि राक्षस काय करतो याच्याशी आनंदीला फारसं देणंघेणं नव्हतं. ती त्या खोकल्याची वाट बघत बसायची.

नाटक मात्र कधी पुरं होत नसे. खाऱ्या हवेने कॉम्प्युटरच्या डब्यातला पंखा गंजून बसला होता. राणी रानात वाट चुकली, मागून राक्षस गरजला, की डबा तापून फट्‌दिशी बंद पडायचा. रोज तिथेच. काळ्या पडद्यावर आनंदीचं तोंड दिसायचं आणि ती न वळता विचारायची, "मगे, फुडे काय झाला?"

काशीराम त्या जत्रेला गेला होता. पुढच्या रांगेत बसून, डोळा न मिटता, अख्खं नाटक बघितल्याचं त्यानेच छातीठोकपणे सांगितलेलं. तेव्हा पुढचं सांगणं त्याच्याकडे आलं, आणि तो सांगायचा. एकदा राणीला तिचा भाऊ सोडवायला आला. एकदा देवीच प्रसन्न झाली. नंतर नंतर माणसं पुरेनात, तेव्हा रानात एक तांडेल आला, आणि तांडेल आला म्हटल्यावर पाठोपाठ होडी आली, आणि होडी आली म्हणून रानाला दर्या लागला. आनंदी ऐकून घ्यायची, उठायची आणि भात लावायची.

पण वर्षश्राद्ध जवळ आलं तसं काशीरामच्या मनाने घेतलं. पोराने तिच्यासाठी सगळं नाटक घेतलं आणि ती अर्ध्यावरच राहते, हे काही खरं नाही. त्या दिवशी तिला ते पुरं दाखवायचंच. तेवढं एक तरी आपल्या हातून व्हावं.

पंखे घरातच होते. सर्वेशने मागवलेलं पार्सल तो गेल्यावर आलं होतं. आनंदीने त्यावरचं त्याचं नाव वाचलं आणि खोका न फोडता कपाटात, त्याच्या कपड्यांवर ठेवून दिला. त्यात पंखे आहेत हे बाहेरच्या चित्रावरून कळत होतं.

काशीरामने कपाट उघडलं. खोका हातात घेतल्यावर जरा थांबलाही. तेवढं थांबणं त्या दिवसातलं त्याचं शेवटचं शहाणपण.

आत पाच काळे पंखे, स्क्रूंची पुडी आणि एक चपटी पट्टी, जिला ओळीने खाचा होत्या. पट्टी कशाची ते कळेना. बोटीवरचा नियम असा, की जे कळत नाही ते स्पेअर. त्याने पट्टी खोक्यात परत टाकली. मग डबा उघडून बघतो तर बोर्डावर पंख्याची वायर खोचायचं तोंड त्याला दिसलं एकच, आणि पंखे पाच. दुसरा कुणी असता तर त्याने डोकं खाजवलं असतं. काशीरामला हसू आलं. अख्ख्या बोटीचे दिवे, वायरलेस आणि मासे दाखवणारं मशीन त्याने जन्मभर एकाच बॅटरीच्या टोकाला गुंडाळून चालवलं होतं. त्याने पाचही पंखे डब्याला आवळले, त्यांच्या वायरींची टोकं कापली, रंगाला रंग लावून पीळ दिला, वर काळी टेप मारली आणि तो जाडजूड जुडगा त्या एवढ्याशा तोंडात बसवला. कापलेली टोकं डबीत ठेवली, कारण तांडेल काही फेकत नाही.

बटण दाबलं. पाचही पंखे फिरले. काशीरामला भरून आलं, देवाशपथ. सर्वेशच्या मशीनमधून वारा येत होता. तो नाटक लावून खुर्चीवर वारा घेत बसला. मग वास आला. जुडग्याजवळून धुराची एक रेघ वर गेली आणि पंखे एकेक करून थांबले. पडदा काळा झाला, तो राणी रानात पोचायच्या कितीतरी आधी.

त्याने बटण परत दाबलं, मग आणखी एकदा. शेवटी डब्याला हात जोडले.

आनंदी दारात आली ती वासानेच थांबली. पाटी डोक्यावरून उतरवायची तिला आठवण राहिली नाही. तिने आधी डब्याकडे बघितलं नाही, फाटलेल्या खोक्याकडे बघितलं.

"तां पार्सल तुमी फोडलास?"

काशीरामने मान हलवली. बोटीवर एका बॅटरीवर सगळं चालतं, वगैरे त्याने तयार ठेवलेलं होतं, पण तो खोक्याची फाटकी झाकणं मिटायला लागला.

"तेचो आवाज रवलो काय गेलो, तां एवढाच सांगा," ती म्हणाली.

ते त्याला ठाऊक नव्हतं. त्याने तसं सांगितलं, आणि ती मटकन उंबऱ्यावर बसली. काशीरामने तिच्या डोक्यावरची पाटी उतरवली. एवढ्या वर्षांच्या संसारात ती त्याने पहिल्यांदाच उचलली होती. इतकी जड असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दोघं रिक्षा करून मालवणला वर्षालीच्या दुकानात गेली. डबा आनंदीच्या मांडीवर, खोका काशीरामच्या, कापलेल्या टोकांची डबी त्याच्या खिशात. वर्षाली कॉम्प्युटर दुरुस्त करते, सर्वेश तिच्याकडे नेहमीचा. तिने डबा उघडला, जुडगा बघितला आणि काशीरामकडे बघायचं टाळलं. मग समजावून सांगितलं, की ते तोंड एखाददुसऱ्या पंख्यापुरतंच असतं, त्याच्यातून पाच जणांची वीज ओढली की ते जळणारच. बरं, ते जळलं ते जळलं, पण पंखे बसवायची पद्धतसुद्धा तिला नवीन होती.

"काकानु, पाचय पंखे वारो आत घेतहत," ती म्हणाली. "मगे भायर कोण काढतलो?"

उभा जन्म वाऱ्यावर काढलेला माणूस पंखे मोजायला लागला. आनंदीने आवाजाचं विचारलं. वर्षाली म्हणाली, नाटक वेगळ्या डिस्कवर असतं, बघायला लागेल. तिने डिस्क दुसऱ्या मशीनला लावली. आणि मग त्या मशीनमधून आलं, "आये, चालू झाला हां." आनंदीने पदर तोंडावर घेतला आणि ती रडली. वर्षभरात काशीरामने तिला अशी रडताना पाहिली नव्हती. तोही रडला, पण भिंतीवरच्या कीबोर्डांच्या किमती वाचत असल्यासारखं करून.

खोक्यातली ती पट्टी वर्षालीने उचलली. हेच तर पाहिजे होतं, म्हणाली. पाचही पंखे या पट्टीत लावायचे. पट्टी वीज थेट पॉवर सप्लायमधून घेते, आणि बोर्डाला फक्त वेग किती ठेवायचा एवढंच विचारते. सर्वेशला तिनेच सुचवली होती. म्हणजे पोराने सगळं बरोबर मागवलं होतं. बापाने तेवढंच स्पेअर म्हणून बाजूला ठेवलं. बोर्डावर काशीरामच्या नजरेतून सुटलेलं दुसरं एक तोंड शाबूत होतं, ते पट्टीला दिलं. कापलेली टोकं डबीतून परत निघाली आणि एकेक करून डाग देऊन जोडली गेली. दोन पंखे तिने उलटे फिरवून लावले, गरम हवा बाहेर जायला. शेवटी बजावलं, की मशीन कधीही भिंतीवरच्या बटणाने बंद करायचं नाही.

वर्षश्राद्ध झालं, कावळा शिवला, जेवणं आटपली. ती दोघंच उरली तशी आनंदीने भर दुपारी नाटक लावलं. राणी रानात वाट चुकली. राक्षस गरजला. डबा बंद पडला नाही. पंखे घुमत राहिले आणि नाटक पुढे गेलं. काशीराम खुर्चीत चुळबुळ करायला लागला. तांडेल आला नाही. भाऊ आला नाही, देवीही आली नाही. राणीनेच राक्षसाच्या हातातली तलवार हिसकावली आणि मामला तिथेच मिटवला. आनंदीने पडद्यावरून नजर काढली नाही.

पहाट झाली, नाटकाच्या शेवटी फोडतात ती दहीहंडी फुटली, लोक उठायला लागले. कॅमेरा हळूच वळला. पुढच्या रांगेत काशीराम. मान मागे, तोंड सताड उघडं, मफलर जमिनीवर.

"आये, बघ गो," सर्वेश हसू दाबत कुजबुजला. "बाबा नाटक बघतहत."

मग चित्र हललं. एक हात आला, त्याचा. त्या हाताने स्वतःचं जाकीट काशीरामच्या अंगावर घातलं आणि गळ्यापर्यंत नीट ओढलं. तेवढाच हात दिसला. मग काही नाही.

काशीरामला ती सकाळ आठवली. जाग आली तेव्हा अंगावर जाकीट, आणि पोरगा बाजूला थंडीत कुडकुडत उभा. त्याला तो ओरडला होता, वस्तू कुठेही टाकून फिरतोस म्हणून. आता सांगावं तरी कुणाला की चुकलं. तो पडद्याकडे बघत राहिला. डोळ्यांना धार लागली होती, या वेळी वाचायला समोर कीबोर्ड नव्हते.

"तू रोज आयकत होतंस," तो कसाबसा म्हणाला, "आणि मी आपलो..."

"माका ठावक होता," आनंदी म्हणाली. "रोज येगळो शेवट. खऱ्याक कधी रोज येगळो शेवट आसता?" मग म्हणाली, "बंद पडाचा तां बरा होता. संपणा नाय होता." डोळे पुसून ती भांडी घासायला गेली. तिच्यासाठी उरलेलं एवढंसं आपणच संपवून टाकलं, हे काशीरामला तेव्हा कळलं. मशीन मात्र गार होतं.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला तिने देवाकडे दिवा लावला, आणि नाटक लावलं. काशीराम दाराबाहेर चपला शोधायला लागला. आता त्याचं तिथे काही काम नव्हतं. आतून पोराचा आवाज आला, खोकला आला, राणी रानात वाट चुकली, राक्षस गरजला. आणि फट्‌दिशी सगळं बंद.

तो धावत आत आला. डबा गार. आनंदी भिंतीपाशी उभी होती, बटणावर हात ठेवून. वर्षालीने बजावलेलं नेमकं तेच बटण. ती येऊन खुर्चीत बसली. काळ्या पडद्यावर तिचं तोंड दिसत होतं.

"मगे, फुडे काय झाला?"

काशीराम शेजारी बसला. घसा खाकरला, आवाज जरा सांभाळला आणि राणीला रानातून पुढे काढली. झाडी दाट, मागे राक्षस, पुढे वाट नाही, इतक्यात लांबून एक ओळखीची गाज ऐकू येते...

"जत्रेत निजल्यार तुमका सपान पडला असात तां सांगा," आनंदी न वळता म्हणाली. "फकत आज रानात दर्यो हाडूचो नाय."

काशीरामने होडी नुकतीच पाण्यात लोटली होती. ती त्याने मुकाट्याने परत वर ओढली आणि राणीला चालत घरी नेली.