अर्ध्या वाडग्यांचं प्रकरण

"मी कोण हे ज्याला ठाऊक नाही, त्याला सांगून उपयोग नाही, आणि ज्याला ठाऊक आहे, त्याला सांगायची गरज नाही," भावोजी म्हणाले. "या बंदरात लागणारं जहाज आणि या बंदरात होणारा गुन्हा, दोन्ही आधी माझ्या नाकाला कळतात."

शिंप्याने नुसती मान डोलावली, कारण त्याच्या तोंडात टाचण्या होत्या. भावोजी म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचे यजमान. गोदीच्या कचेरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी शिंप्याच्या दुकानात, कपडे घालून बघायच्या पडद्यामागे, गुप्तहेराची कचेरी थाटली होती. गिऱ्हाईक पँट घालून बघायला आत गेलं की भावोजी त्याची उलटतपासणी घेत. दोघंजण तर एकच पाय घातलेल्या अवस्थेत रस्त्यावर पळाले होते.

त्या सकाळी मात्र खरोखरचं प्रकरण आलं. जुन्या बाजारात माशांचं सूप विकणाऱ्या काकू रुमालाने नाक पुसत दारात उभ्या राहिल्या.

"रडलात!" भावोजी गरजले.

"सर्दी झालीय."

"सर्दीच्या आडून रडलात. बोला."

काकू बोलल्या. जहाजातून उतरणारे पाहुणे वाटाड्याबरोबर बाजार बघत यायचे आणि शेवटी त्यांच्याकडे सूप प्यायचे. हल्ली मात्र सगळे अर्धा वाडगा तसाच ठेवून जात. का म्हणून विचारलं, तर गोड हसत. आजही तसंच झालं, तर वाटाड्या पाहुण्यांना समोरच्या तळलेल्या माशांच्या गाड्यावर नेणार होता.

"सासऱ्यांनी पेटवलेली चूल आहे हो. पाहुणे तुटले, की आमच्या सुपाचं सूप वाजलंच म्हणायचं!"

"कुणी शत्रू?"

"घरात सून आहे."

"बाहेरचा विचारतोय."

बाजार लोखंडी खांबांचा, उंच छताचा. गाळ्यात सून खाली मान घालून कांदा चिरत होती. पाहुण्यांसाठी चित्रांची पाटी लावायची की नाही, यावरून सासू-सुनेचा अबोला चालला होता. बिचारा शिंपी नेमका दोघींच्या मधोमध उभा राहिला.

"यांना सांगा, कांदा झाला," सून शिंप्याला म्हणाली.

"तिला सांगा, दिसतंय," काकू शिंप्याला म्हणाल्या.

या क्षुल्लक गोष्टींकडे लक्ष न देता भावोजींनी पुरावा मागवला. एक वाडगा प्याले, मग दुसरा. "सुपात काहीच खोट नाही. अगदी घरच्यासारखं!" शिंप्यानेही हात पुढे केला, तेव्हा ते म्हणाले, "मेहुणे, साहाय्यकानं पुराव्याला तोंड लावायचं नसतं."

मग सिद्धांतांचा पाऊस पडला. पहिला संशय समोरच्या गाडेवाल्यावर. भावोजी टोपी आणि काळा चष्मा चढवून परदेशी पाहुणा म्हणून त्याच्याकडे गेले.

"या, गुप्तहेरसाहेब," गाडेवाला म्हणाला. "ताईंनी तुम्हाला तळलेलं द्यायचं नाही म्हणून सांगून ठेवलंय."

"पाहिलंत?" भावोजी परत येऊन कुजबुजले. "कटात माझी बायकोसुद्धा आहे!"

दुसरा सिद्धांत वाडग्यांवर होता. वाडगे खोलगट, म्हणून तळ दिसत नाही, म्हणून पाहुण्यांना बुडण्याची भीती वाटते. तिसऱ्यात वाटाड्याच फितूर होता.

"मी?" जहाजाकडे निघालेला वाटाड्या दचकला. "मला मासे चालतच नाहीत. मी आजवर हे सूप चाखलेलंसुद्धा नाही."

"अपराधी नेहमी असंच म्हणतो!"

एवढ्यात जहाजाचा भोंगा वाजला. पाहुणे उतरू लागले. काकूंचा चेहरा पडला, आणि शिंप्याला पहिल्यांदाच या साऱ्या प्रकाराचं हसू यायचं थांबलं. त्याच वेळी भावोजींचा डबा घेऊन ताई आल्या. वास चांगला सुटला होता, म्हणून त्यांनी सहज पळीभर सूप वाटीत घेऊन तोंडाला लावलं.

"अगं बाई! मीठ कुठंय यात?"

"मीठ सून घालते," काकू म्हणाल्या.

"मीठ त्या घालतात," सून म्हणाली. "मी मागेच सांगितलं होतं, यापुढे मी हंड्याला हात लावणार नाही. त्या बटाटेवाल्यांच्या मार्फत!"

मागे शेजारच्या गाळ्यातला बटाटेवाला हळूच सरकून खांबाआड गेला. त्या दिवशी निरोप्या तो होता. निरोप ऐकल्यावर भांडण पेटेल, या भीतीने त्याने तो गिळला होता.

"पण तुम्ही कुणी चाखलं नाहीत?" ताईंनी विचारलं.

काकूंचं नाक बंद होतं. सून रागाने त्या हंड्यातला थेंबही घेत नव्हती. आणि बाजारातले लोक आपापला डबा खात.

"आणि मी?" भावोजी छाती काढून म्हणाले. "मी खाल्ल्या मिठाला जागणारा माणूस!"

"खाल्लंय कुठं?" ताई म्हणाल्या. "रक्तदाब वाढल्यापासून वर्षभर अळणी जेवताय. तुम्हाला ते घरच्यासारखंच लागणार!"

काकूंनी मिठाची बरणी उचलली, थबकल्या आणि थेट सुनेपुढे धरली. "तू घाल गं. मला सर्दीत अंदाज येत नाहीये."

"घालते. पण आधी तुम्ही बसून गरम पाणी प्या, आई. घसा बसलाय तुमचा."

शिंपी दोघींच्या मधून हळूच बाजूला झाला.

पाहुणे आले, प्याले. एका म्हाताऱ्या पाहुण्याने वाडगा बोटाने पुसून घेतला आणि पुन्हा पुढे केला. वाटाड्याने समोरच्या गाड्याकडे बघणं सोडून दिलं.

काकूंनी मेहनताना म्हणून भावोजींच्या हातात एक वाडगा ठेवला. त्यांनी एक घोट घेतला आणि डोळे मिटले. बराच वेळ त्यांनी ते उघडलेच नाहीत.

"मेहुणे," ते शेवटी पुटपुटले, "या प्रकरणात काही धागे सुटलेत. उद्या मला एकट्यालाच यावं लागेल."

ताईंनी त्यांच्या हातातून वाडगा काढून घेतला आणि डबा उघडून समोर ठेवला. "उद्या मीपण येते. एकट्यानं कशाला धागे शोधताय?"